रंजनप्रधान कादंबरी आणि सिंधुदुर्गातील वाचकांचे अभिप्राय : एक चिकित्सा

प्रस्तावना

रहस्यकथा, भयकथा आणि साहसकथा यांना ‘रंजनप्रधान’ या एकाच शब्दात बसवून मराठी समीक्षेने त्यांची फारशी दखल घेतली नाही. बाबुराव अर्नाळकर (१९०६-१९९६) यांच्या हजारांहून अधिक रहस्यकथा, नारायण धारप यांच्या भयकादंबऱ्या किंवा सुहास शिरवळकर यांची ‘दुनियादारी’ (१९८२) यांची चर्चा वर्गापेक्षा वाचनालयाच्या देवघेव विभागातच अधिक झाली. पुस्तक परत करताना वाचक एकमेकांना जे सांगतात, त्याला समीक्षेचे मोल आहे काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न होय. विवेचनासाठी मालवण-वेंगुर्ले किनाऱ्यावरील भयकादंबरीचा वाचक विचारात घेतला आहे.

अभिप्रायांतील निकष

‘खिळवून ठेवते’, ‘शेवट गुंडाळला’, ‘पुन्हा वाचवत नाही’ हे वाचकांचे नेहमीचे शेरे वरवर पाहता ढोबळ वाटतात. तथापि पहिल्यात उत्कंठेचा, दुसऱ्यात कथानकाच्या सुसंगतीचा निकष दडलेला आहे. तिसरा शेरा अधिक मार्मिक आहे. गुन्हेगार कळताच संपणारी कादंबरी आणि तो कळल्यावरही उरणारी कादंबरी, असा भेद वाचक त्यातून करीत असतो. समीक्षक ज्याला कलाकृतीचे टिकाऊपण म्हणतो, त्याचेच हे साधे रूप होय.

हान्स रॉबर्ट यौस यांनी १९६७ साली ‘अपेक्षांचे क्षितिज’ ही संकल्पना मांडली. वाचक कोरा नसतो, पूर्वसंस्कारांच्या आधारे तो कृती पारखतो, असा तिचा आशय आहे. सिंधुदुर्गातील वाचकाचे हे क्षितिज केवळ पुस्तकांनी घडलेले नाही. राखणदार आणि देवचार यांच्या लोकसमजुती त्यात आहेत. देवचार येथे निव्वळ दुष्ट शक्ती नसतो. तो सीमेचा रक्षक असतो. त्याला मान द्यावा लागतो, गाऱ्हाणे घालावे लागते आणि मान चुकला तर तो कोपतो. येथील भय अपरिचितातून येत नाही, कर्तव्य चुकल्याच्या जाणिवेतून येते.

धारप आणि खानोलकर

या दृष्टीने धारपांची ‘लुचाई’ आणि चिं. त्र्यं. खानोलकर यांची ‘कोंडुरा’ (१९६६) यांची तुलना उद्बोधक ठरते. ‘लुचाई’ला स्टीफन किंग यांच्या ‘सालेम्स लॉट’ (१९७५) या कादंबरीचा आधार आहे. तेथे अनिष्ट शक्ती बाहेरून येऊन गाव ग्रासते. ‘कोंडुरा’त नायकाला लाभलेली सिद्धी ब्रह्मचर्याच्या अटीने बांधलेली आहे, संकट बाहेरचे नसून स्वीकारलेल्या व्रताशी निगडित आहे. खानोलकर वेंगुर्ले परिसरातले आणि कोंडुरा हे त्याच किनाऱ्यावरचे ठिकाण. पहिली कृती ‘भयकथा’ आणि दुसरी ‘वाङ्मयीन कादंबरी’ अशी विभागणी समीक्षेने केली. उलट, ‘हे आपल्याकडे असे घडेल का’ ही वाचकाची कसोटी दोन्ही कृतींना एकाच मापाने मोजते. ती कसोटी लावल्यास ‘लुचाई’ची पकड वेगवान, तर ‘कोंडुरा’ची खोल ठरते. या निर्णयात रंजन आणि गांभीर्य यांच्यातील भिंत आपोआप ढासळते.

मर्यादा

वाचकांचे अभिप्राय सर्वस्वी निर्दोष मात्र नाहीत. कथानकाच्या ओघात भाषेकडे दुर्लक्ष होते. रहस्यकथेतील स्त्री बळी किंवा मोहिनी याच साच्यात का अडकते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. परिचिताची ओढ असल्याने अपरिचित प्रयोग नाकारलाही जातो. येथे अभ्यासकाची गरज भासते. परंतु त्याने वाचकाला दुरुस्त करण्यापूर्वी त्याचे म्हणणे ऐकून घेणे अगत्याचे आहे.

निष्कर्ष

वाचनालयाची देवघेव नोंदवही पुस्तक कोणी नेले ते सांगते. ते कसे वाटले, हे सांगत नाही. त्यामुळे वाचकांच्या एका पिढीचा रसिकव्यवहार तिच्यासोबतच लुप्त होतो आणि लोकप्रिय साहित्याचा इतिहास केवळ खपाच्या आकड्यांवर लिहिला जातो. सिंधुदुर्गातील महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतून ज्येष्ठ वाचकांचे अभिप्राय, शक्य तेथे मालवणी बोलीतच, नोंदवून घ्यावेत. त्यासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. मात्र विलंब परवडणारा नाही. वाचकाचे मत हा समीक्षेचा पर्याय नव्हे, ती समीक्षेची पहिली पायरी होय.