अणुबॉम्बविरुद्धची साक्ष : ‘जंग और अमन’

आनंद पटवर्धन यांचा ‘जंग और अमन’ हा माहितीपट २००२ साली पूर्ण झाला. मे १९९८ मध्ये पोखरण येथे भारताने आणि त्याच महिन्याच्या अखेरीस चगाई येथे पाकिस्तानने अणुचाचण्या केल्या. त्यानंतर उसळलेल्या उन्मादाची आणि त्या उन्मादापुढे उभ्या राहिलेल्या माणसांची ही कहाणी आहे. सेन्सॉर मंडळाने तिच्यात अनेक काटछाटी सुचवल्या होत्या. २००३ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्णयामुळेच ती अखंड स्वरूपात प्रेक्षकांपुढे आली. तथापि न्यायालयात मिळालेला विजय हा कलाकृतीच्या गुणवत्तेचा पुरावा नव्हे. तो आपल्याला चित्रातच शोधला पाहिजे.

दिग्दर्शकाची पद्धत दर्यापूर परिसरातील वाचकाला अनोळखी वाटू नये. शेंडगावी जन्मलेले गाडगेबाबा कीर्तनात सिद्धान्त सांगत नसत. ते श्रोत्यांना साधे प्रश्न विचारीत आणि उत्तर श्रोत्यांच्याच तोंडून वदवून घेत. पटवर्धनही तेच करतात. लाहोरच्या शाळकरी मुली अण्वस्त्रांच्या बाजूने तावातावाने भाषणे करतात. मग साध्या बोलण्यात त्यांचे मन निराळेच असल्याचे उघड होते. शिकवलेले शब्द आणि स्वतःचा विवेक यांतील हे अंतर कोणत्याही निवेदनाने इतके प्रभावीपणे दाखवता आले नसते.

चित्राचा दुसरा गुण त्याच्या व्याप्तीत आहे. पोखरणजवळची गावे, जादूगोड्याच्या युरेनियम खाणीभोवतालचे आदिवासी, हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेले वृद्ध आणि अमेरिकेतील शांततावादी यांना दिग्दर्शक एका सूत्रात ओवतो. निःशस्त्रीकरणाची आंतरराष्ट्रीय चळवळ हे केवळ परिषदांचे प्रकरण नाही, ती भोगलेल्यांची एकमेकांशी पटलेली ओळख आहे, हे त्यातून ध्यानी येते. या ओळखीचे सामर्थ्य इतिहासाने दाखविले आहे. शीतयुद्ध चालू असताना १९८० साली अमेरिकेचे बर्नार्ड लाऊन व रशियाचे येवगेनी चाझोव या डॉक्टरांनी उभारलेल्या संघटनेला १९८५ चे शांतता नोबेल मिळाले. त्याच परंपरेतील प्रयत्नांतून ७ जुलै २०१७ रोजी १२२ राष्ट्रांनी अण्वस्त्रबंदीचा करार स्वीकारला. जानेवारी २०२१ मध्ये तो अमलात आला. २०२४ चे शांतता नोबेल जपानच्या बॉम्बपीडितांच्या संघटनेला मिळाले. मात्र भारतासह एकही अण्वस्त्रधारी राष्ट्र त्या करारात सामील झालेले नाही.

येथेच माझा आक्षेप आहे. १९९८ साली रस्त्यावर नाचणाऱ्या जमावाकडे हे चित्र उपहासाने पाहते. पुढाऱ्यांचा दंभ उघडा पाडणे योग्यच. पण खारपाणपट्ट्यातील कापूस पिकविणाऱ्या माणसाला देशाच्या सामर्थ्याचा अभिमान का वाटतो? ज्याच्या हाती फारसे काही नाही, त्याला राष्ट्राचे बळ हीच आपली मालमत्ता वाटते. त्या माणसाशेजारी बसून त्याचे ऐकून घेणे चित्राला पुरेसे जमलेले नाही. चळवळीचेही तेच उणे आहे. न्यूयॉर्कमध्ये झालेला करार वऱ्हाडीत कोणी समजावून सांगितला? ११ मे १९९८ ची चाचणी बुद्धपौर्णिमेला झाली. गावोगावी बुद्धविहार असलेल्या या प्रदेशात एवढी एकच गोष्ट सांगितली, तरी करुणा आणि स्फोट यांची सांगड कोणी व का घातली, हा प्रश्न माणसे आपणहून विचारतील.

ख्रिस्ती वाचकाला या चित्रापासून दूर राहता येणार नाही. ९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीवर बॉम्ब पडला तेव्हा उराकामीच्या महामंदिरात भाविक पापनिवेदनासाठी जमले होते. बॉम्ब टाकणाऱ्या तुकडीचे कॅथलिक धर्मगुरू जॉर्ज झबेल्का यांनी पुढे आपल्या मौनाचा जाहीर पश्चात्ताप केला. मारणारे आणि मरणारे एकाच प्रभूची प्रार्थना करीत होते. पोप जॉन तेविसावे यांनी १९६३ साली अण्वस्त्रांवर बंदीची मागणी केली. १९८२ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी धाक म्हणून बाळगलेली शस्त्रे निःशस्त्रीकरणाच्या वाटेवरील एक टप्पा म्हणून तेवढी सह्य मानली. तो टप्पा संपत नाही हे पाहून नोव्हेंबर २०१७ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ती नुसती बाळगणेही निषेधार्ह ठरविले. व्हॅटिकनने तर त्याच वर्षी २० सप्टेंबरला बंदीच्या करारावर सही करून त्याला संमतीही दिली होती.

तरीही प्रवचनपीठावरून हा विषय क्वचितच ऐकू येतो. कारण उघड आहे. आपण अल्पसंख्य, बॉम्बविरुद्ध बोललो तर आपल्या देशप्रेमावर शंका घेतली जाईल, ही भीती. भीती खरी आहे, पण तिला शहाणपण म्हणणे खरे नव्हे. ज्यांच्या लेकरांवर हे शस्त्र पडेल त्यांची काळजी वाहणे हेही देशप्रेमच आहे.

पेत्राने जाळे टाकले ते किनाऱ्यावरून नव्हे, खोल पाण्यात. ख्रिस्तसभा हेच जगभर पसरलेले एक जुने जाळे आहे आणि वऱ्हाडातील लहानसा धर्मग्राम ही त्याची एक गाठ. गाठ सैल असेल तर जाळे निरुपयोगी. म्हणून हे चित्र, त्यातील उणिवांसह, आपल्या सभागृहांत दाखवावे. शेजारच्या बौद्ध, हिंदू आणि मुसलमान बंधुभगिनींना बोलवावे. चित्र संपल्यावर भाषण करू नये. गाडगेबाबांप्रमाणे प्रश्न विचारावेत आणि ज्याला बॉम्बचा अभिमान वाटतो, त्याला आधी बोलू द्यावे.