दऱ्यांचा दर्या : ‘आगामी वैशिष्ट्यां’चे मराठी वाचन

संगणकाच्या कार्यप्रणालीचे नवे अद्यतन येण्याआधी त्यातील ‘आगामी वैशिष्ट्यां’ची यादी येते. साहित्याच्या वाचकाने ती वाचावी असे तिच्यात काही नसते, असे मलाही बरीच वर्षे वाटत होते. मत बदलले ते स्वतःच्या नुकसानीमुळे. आंदर मावळातल्या गावांतून जमवलेल्या ओव्या मी पंचवीसेक वर्षांपूर्वी त्या वेळच्या एका देवनागरी फॉन्टमध्ये टंकून ठेवल्या होत्या. पुढे आंबीत घरी नवा संगणक आणला, फाइल उघडली, तर पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा सडा. ओव्या सांगणाऱ्या बायांपैकी बहुतेक आज हयात नाहीत. छापलेली एक प्रत ट्रंकेत होती, म्हणून मजकूर वाचला. तो पुन्हा टंकायला दोन पावसाळे गेले.

असे का झाले, हे शोधताना एक साधी गोष्ट कळली. त्या जुन्या फॉन्टांत ‘क’ हे अक्षर साठवलेलेच नसे. साठवलेले असे एखादे रोमन अक्षर. फॉन्ट त्याच्यावर ‘क’चे चित्र चढवी. फॉन्ट गेला की चित्र गेले. युनिकोडने प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला आणि विंडोज २००० पासून देवनागरी त्या मार्गाने कार्यप्रणालीतच आली. तिच्यासोबत आलेला ‘मंगल’ हा फॉन्ट प्रा. र. कृ. जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली घडला. चित्रकवितेमुळे लघुअनियतकालिकांच्या वाचकांना ठाऊक असलेले हे नाव. पुढची अनेक वर्षे सरकारी पत्रापासून लग्नपत्रिकेच्या मसुद्यापर्यंत पडद्यावरचे मराठी बहुतांशी त्यांच्या वळणाने दिसत राहिले. विंडोज ८ मध्ये ‘निर्मला यूआय’ आला आणि विंडोज १० मध्ये ‘मंगल’ ऐच्छिक पूरक फॉन्टांत गेला. म्हणजे हवा असेल त्याने तो वेगळा उतरवून घ्यायचा. एवढ्या मोठ्या बदलाची आपल्या समीक्षेने फारशी नोंद घेतल्याचे माझ्या पाहण्यात नाही. मुद्रणातला खिळा बदलला असता, तर आपण लेख लिहिले असते.

म्हणून या याद्या मी ग्रंथासारख्या वाचू लागलो. ग्रंथाला विचारतो तोच प्रश्न त्यांना विचारायचा : यात गृहीत धरलेला वाचक कोण?

२०२५ मधली स्थिती पाहा. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, ऐन दिवाळीच्या तोंडावर संपला. सुरक्षा अद्यतने आणखी एक वर्ष घेण्याची सोय तेव्हा ठेवण्यात आली. पण पुढची वाट विंडोज ११ कडेच जाते आणि तिच्या दारात टीपीएम २.० ही सुरक्षा चिप व ठरावीक पिढीपुढचा प्रोसेसर यांची अट आहे. यादीत सर्वांत गाजलेले वैशिष्ट्य ‘रिकॉल’. पडद्याची चित्रे ते वेळोवेळी टिपून ठेवते, आणि ‘ते अमुक कुठे पाहिले होते?’ असे आपल्या शब्दांत विचारले की शोधून देते. मे २०२४ मध्ये ते जाहीर झाले. खासगीपणाच्या प्रश्नावरून टीका झाली, ते लांबले, आणि एप्रिल २०२५ पासून वापरकर्त्याच्या संमतीने चालू होऊ लागले. त्यासाठी १६ जीबी स्मृती आणि सेकंदाला ४० लाख कोटी क्रिया करणारा खास प्रोसेसर लागतो. ते ज्या भाषांसाठी घडवले आहे त्या अशा : इंग्रजी, सरलीकृत चिनी, फ्रेंच, जर्मन, जपानी, स्पॅनिश. २०११ च्या जनगणनेनुसार ८ कोटी ३० लाख लोकांची मातृभाषा असलेली मराठी त्यांत नाही.

यावर गळा काढण्यात अर्थ नाही. पडद्यावरचे सगळे टिपणारे यंत्र आपली भाषा जाणत नाही, हे काहींना वरदानही वाटेल. शिवाय मे २०१९ च्या अद्यतनाने मराठीसह दहा भारतीय भाषांचे उच्चारानुसारी कळफलक दिले. इन्स्क्रिप्ट न शिकलेल्या माझ्या पिढीला त्याने लिहिते केले, हे मान्यच करायला हवे. माझी तक्रार क्रमाबद्दल आहे.

मावळात राहणाऱ्याला ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांतला फरक सांगावा लागत नाही. पहिल्या शब्दातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो : नुक्त्याच्या ‘ऱ’ला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. साठवणीत ते वेगळे असतात. शोधयंत्रणेने दोन्ही एकच मानले नाहीत, तर निम्म्या दऱ्या सापडत नाहीत. आणि तिने ते अदृश्य चिन्ह सरसकट गाळले, तर दुसऱ्या रीतीने लिहिलेल्या दऱ्यांचा दर्या होतो. ‘ॲ’चीही तीच गोष्ट. त्याला स्वतःचा क्रमांक २००८ मध्ये युनिकोड ५.१ ने दिला. त्याआधीचा मजकूर ‘अ’वर चंद्र चढवून लिहिलेला. ‘ॲसिड’ शोधणाऱ्याला जुना लेख मिळेलच असे नाही.

हे किरकोळ वाटेल. पण माझ्या संग्रहात डोंगर, घाट, दऱ्या यांच्या ओव्या शेकड्यांनी आहेत. उद्याची एखादी अभ्यासक मुलगी त्यांत ‘दऱ्या’ शोधेल, तेव्हा तिला जे दिसणार नाही ते अस्तित्वातच नाही, असे ती समजेल. अर्थावरून शोधणारे यंत्र पुढच्या यादीत येवो. अक्षरावरून शोधणारे यंत्र आधी बिनचूक हवे.

आपल्या बाजूनेही काम आहे. मुक्त प्रणालींच्या जगात ‘लोहित’सारखे देवनागरी फॉन्ट खुले उपलब्ध आहेत, ते कोणी गुंडाळून ठेवू शकत नाही. जुन्या फॉन्टांत अडकलेले दिवाळी अंक, प्रबंध, कोश युनिकोडमध्ये आणणे हे संपादनाचेच काम समजले पाहिजे, कारण प्रत्येक रूपांतरानंतर कोणीतरी डोळ्यांनी पडताळावेच लागते. माझ्या पुन्हा टंकलेल्या ओव्या सध्या तीन ठिकाणी आहेत : संगणकात, एका पेन ड्राइव्हवर आणि पुन्हा एकदा कागदावर, त्याच ट्रंकेत.