आरएफसी १६३१ कसा वाचायचा? एका 'तात्पुरत्या' उपायाची चिकित्सा

नेटवर्किंगमध्ये संशोधन करायचं ठरवलं की सिनॉप्सिसच्या पहिल्याच परिच्छेदात एक वाक्य हमखास येतं: 'आयपीव्ही४चे पत्ते संपले, म्हणून आयपीव्ही६ आलं.' तुमच्याही मसुद्यात असेल तर जरा तारखा तपासा. आयपीव्ही६चा पहिला आरएफसी डिसेंबर १९९५चा. आयपीव्ही४चा मध्यवर्ती साठा संपला ३ फेब्रुवारी २०११ रोजी. म्हणजे औषध पंधरा वर्षं आधीच तयार होतं. (मधला ५ हा क्रमांक स्ट्रीम प्रोटोकॉल या प्रयोगाला दिलेला होता, म्हणून थेट ६.)

मग साठा संपल्यावरही जुनी आवृत्ती चालू कशी राहिली? याचं उत्तर शोधायचं तर मे १९९४चा आरएफसी १६३१ मुळातून वाचायला हवा. लेखक केल्ड एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस. विषय: नॅट, म्हणजेच पत्त्यांचं भाषांतर.

म्हणणं काय आहे?

आयपीव्ही४चा पत्ता ३२ बिटांचा, म्हणून एकूण पत्ते ४,२९,४९,६७,२९६. जगाला हे पुरणार नाहीत हे तेव्हाच दिसत होतं. लेखकांनी सुचवलं की संस्थेच्या आत कोणतेही पत्ते वापरा, तेच पत्ते दुसरीकडेही वापरले गेले तरी चालतील. पॅकेट बाहेर पडताना सीमेवरचा राउटर आतला पत्ता काढून जगभरात वेगळा असलेला पत्ता लावेल. आतल्या संगणकांना हात लावायची गरज नाही. नॅटचं यश या शेवटच्या वाक्यात आहे. आयपीव्ही६चा पत्ता १२८ बिटांचा असला तरी ते आयपीव्ही४शी थेट बोलू शकत नाही, त्यामुळे ते आणायचं तर दोन्ही टोकांना तयारी लागते. नॅट ज्याला हवं त्याने एकट्याने बसवावं.

जमेची बाजू

हा दस्तऐवज स्वतःचे दोष लपवत नाही. पत्त्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच अर्थ होता, तो जातो आणि त्याऐवजी नेटवर्कला कोण कोणाशी बोलतंय हे लक्षात ठेवावं लागतं, असं लेखक सुरुवातीलाच सांगतात. एफटीपीसारखे प्रोटोकॉल पॅकेटच्या आत पत्ता लिहितात, तोही बदलावा लागेल हेही ते नोंदवतात. दूरच्या काळासाठी हा उपाय योग्य नाही, असा त्यांचाच निष्कर्ष आहे. तुमच्या प्रबंधात 'मर्यादा' हे प्रकरण उरकून टाकायचा मोह होईल, तेव्हा हे आठवा.

कच्ची बाजू

सगळा डोलारा एका गृहीतकावर उभा आहे: संस्थेतले फार थोडे संगणक एका वेळी बाहेरच्या जगाशी बोलत असतात. १९९४साठी ते ठीक होतं, पण आधाराला मोजमाप नाही. आज खिशातला फोन झोपेतही बाहेर बोलत असतो. म्हणजे गृहीतक पडलं. तरी नॅट टिकलं, कारण नंतर पत्त्याबरोबर पोर्ट क्रमांकही बदलायची रीत रुळली. जानेवारी २००१च्या आरएफसी ३०२२मध्ये ती सविस्तर आहे. पोर्ट १६ बिटांचा असल्यामुळे एका पत्त्यामागे हजारो जोडण्या मावतात. पुढे इंटरनेट कंपन्याही हेच करू लागल्या आणि २०१२मध्ये त्यांच्यासाठी १००.६४.०.०/१० हा पट्टा वेगळा काढला गेला. आता घरच्या राउटरमध्ये एकदा आणि कंपनीकडे पुन्हा एकदा, असं दोनदा भाषांतर होऊ शकतं. भारतात मोबाइल नेटवर्कवर आयपीव्ही६ मोठ्या प्रमाणावर आहे, तरी जुन्या साइटपर्यंत जायला भाषांतर लागतंच.

तुमच्याशी याचा संबंध काय?

सर्व्हर लॉग, ऑनलाइन सर्वेक्षण किंवा हल्ल्यांचा डेटा घेऊन काम करणारे कितीतरी विद्यार्थी 'वेगवेगळे आयपी' मोजतात आणि खाली लिहितात 'वेगवेगळे वापरकर्ते'. हा निष्कर्ष दोन्ही बाजूंनी घसरतो. नॅटमागे शेकडो माणसं एका पत्त्यावर दिसतात, म्हणून संख्या कमी येते. आयपीव्ही६मध्ये खासगीपणासाठी एकच फोन वेळोवेळी तात्पुरते पत्ते बदलतो, म्हणून संख्या जास्त येते. दोन्ही चुका एकमेकींना खोडतील असं समजू नका. किती खोडतील हे कोणत्या नेटवर्कचा डेटा आहे त्यावर ठरतं.

म्हणून तीन गोष्टी करा. डेटा आवृत्तीनुसार वेगळा मांडा. आयपीव्ही६ असेल तर पूर्ण पत्त्याऐवजी पहिले ६४ बिट मोजून निकाल किती बदलतो ते पाहा. ६४ बिट म्हणजे साधारण एक घर किंवा एक मोबाइल जोडणी, एक माणूस नव्हे. आणि 'पत्ता म्हणजे वापरकर्ता' हे गृहीतक धरलंच असेल, तर ते पद्धतीच्या प्रकरणात स्पष्ट लिहा. व्हायव्हाला परीक्षक पहिलं बोट तिथेच ठेवतील. गृहीतक लिहिलेलं असेल तर त्यावर चर्चा होते, लपवलेलं असेल तर सगळा निकाल संशयात जातो.