नवा संच, जुनं घर

मध्यंतरात चहाच्या रांगेत एक वाक्य हमखास कानावर पडतं: ‘चांगलं करतोय, पण त्याची सर नाही.’ कौटुंबिक विनोदी चित्रपटाचा दुसरा भाग असो, गाजलेलं नाटक नव्या संचात आलेलं असो, की मालिकेतला चेहरा रातोरात बदललेला असो, निकाल या एका वाक्यात लागतो. प्रेक्षकाला तो अधिकार आहेच. त्याने तिकिटाचे पैसे मोजलेले असतात आणि जुन्या नटावर त्याचं प्रेम असतं. दुःख याचं की आपली छापील समीक्षाही बहुतेक वेळा या वाक्याच्या पुढे जात नाही. जुना आणि नवा नट शेजारी उभे करायचे, उंची मोजायची, तारे द्यायचे आणि मोकळं व्हायचं.

घरगुती विनोदात कुणीही एकटा विनोदी नसतो. बाप चिडतो त्याचं हसू येतं, कारण समोरचा मुलगा निगरगट्टपणे ऐकून घेत असतो. आई गप्प बसते त्याचं हसू येतं, कारण ती आता काय बोलणार हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असतं आणि तेवढ्यासाठी सगळे थांबलेले असतात. म्हणून अशा घरातला एक नट बदलला की बाकीच्यांच्याही जागा हलतात. नाती नव्याने बसवावी लागतात. ती बसली का, हे पाहणं समीक्षकाचं पहिलं काम. चेहरा जुळला का, आवाज जुळला का, हे नंतर बघता येईल.

मराठी चित्रपटात याचं सगळ्यात बोलकं उदाहरण ‘टाइमपास 2’. रवी जाधव यांचा ‘टाइमपास’ जानेवारी 2014 मध्ये आला आणि तुफान चालला. नावाला ती कोवळ्या वयातली प्रेमकथा. पण लोक हसले ते दोन घरांच्या विनोदाला. एका बाजूला रिक्षावाल्या परबांचं घर, बाप भाऊ कदम, मुलगा दगडू. दुसऱ्या बाजूला माधवराव लेले, ज्यांना पोरांनी ‘शान’मधल्या खलनायकावरून ‘शाकाल’ करून टाकलेलं. वैभव मांगले यांचे लेले आणि प्रथमेश परबचा दगडू समोरासमोर आले की चित्रपटगृह उसळायचं. 1 मे 2015 ला दुसरा भाग आला. मधली बरीच वर्षं उलटल्याचं कथेत दाखवायचं होतं, म्हणून दगडू झाला प्रियदर्शन जाधव आणि केतकी माटेगावकरच्या जागी लेल्यांची मुलगी, दगडूची प्राजक्ता झाली प्रिया बापट. मांगले आणि भाऊ कदम मात्र तेच.

प्रियदर्शन जाधव हा पहिल्या भागाच्या लेखनातला भागीदार. दगडूची भाषा घडवणाऱ्यांपैकीच एक माणूस दगडू होऊन उभा राहिला होता. त्या बोलीची लय, शब्द तोडायची जागा, टाळी कुठे येणार याची जाण, हे सगळं त्याच्याकडे आयतं होतं. आणि तरीही लोकांना काहीतरी हरवल्यासारखं वाटलं. ‘परबची सर नाही’ असं म्हणून सोडून दिलं, तर काय हरवलं ते कधीच कळत नाही.

हरवला तो वयाचा फरक. पहिल्या भागात दगडू पोरगेला होता आणि लेले मोठा माणूस. त्या पोराने मोठ्या माणसाला उलटून बोलणं हा उद्धटपणा होता, त्यात धोका होता, मार पडण्याची शक्यता होती. म्हणून हसू फुटत होतं. दुसऱ्या भागातला दगडू जाणता आहे, पैसेवाला आहे. तो लेल्यांना उलटून बोलला तर ती दोन प्रौढ माणसांची खडाजंगी होते. इथे लेल्यांनी जरा मऊ पडायला हवं होतं, दगडूने जरा दबून राहायला हवं होतं. म्हणजे जुन्या भांडणाला नवं वजन आलं असतं. पटकथेने ते फार थोड्या ठिकाणी केलं. उरलेल्या वेळात तिने प्रौढ नटाकडून पोरगेल्या दगडूची वाक्यं बोलवून घेतली. दोष असेल तर तो तिथे आहे. जिथे पटकथेने जागा दिली तिथे जाधव उत्तम खेळला. मांगले यांनीही एक गोष्ट चोख केली: या नव्या माणसाकडे ते पहिल्या क्षणापासून त्याच जुन्या वैतागाने पाहतात. त्या नजरेमुळे मला तरी हा दगडूच आहे हे पटलं. प्रिया बापटच्या वाट्याला असा आधार फारसा आला नाही. तिची प्राजक्ता पुष्कळदा एकटीच उभी दिसते.

ही नजर म्हणजे काय, ते आपल्या रंगभूमीला फार आधीपासून माहीत आहे. ‘मोरूची मावशी’ घ्या. ब्रँडन थॉमसच्या 1892 च्या इंग्रजी फार्सवरून आचार्य अत्र्यांनी केलेलं हे नाटक. त्याचा विषयच बदली आहे: खरी मावशी नाही, म्हणून एका पुरुषाला लुगडं नेसवून तिच्या जागी बसवायचं. तो बाईसारखा दिसतो का, हा प्रश्न नाटक विचारतच नाही. घरात येणारा-जाणारा प्रत्येक माणूस त्याला मावशी मानतो, तिच्याशी अदबीने बोलतो, कुणी तर तिच्यामागे लागतो. आणि या मानण्यातून मावशी तयार होते. विजय चव्हाणांची मावशी अजोड होती यात शंका नाही. त्यांची ऊर्जा, ते बेफाम नाचणं, मध्येच पुरुषी आवाज फुटला की सावरून घेण्याची तऱ्हा, कितीही आठवलं तरी कमीच. पण त्यांच्याभोवती प्रशांत दामले आणि प्रदीप पटवर्धन होते, जे त्या मावशीला क्षणोक्षणी घाबरत, सांभाळत, ढकलत होते. पुढे भरत जाधव यांनी ही भूमिका घेतली तेव्हा चर्चा झाली ती ‘चव्हाण आणि जाधव’ एवढीच. बाकीचा संच त्या नव्या मावशीला कसा मानतो, कोण तिला बघून आधी दचकतो, याबद्दल लिहिलेलं मला क्वचितच आढळलं.

नाटक नव्या संचात तगतं तेव्हा पुष्कळदा त्यामागे संहितेची मजबूत बांधणी असते. देवेंद्र पेम यांचं ‘ऑल द बेस्ट’ हे तर उघड उदाहरण. भरत जाधव, अंकुश चौधरी आणि संजय नार्वेकर या तिघांनी ते गाजवलं आणि त्यानंतर त्या नाटकाने किती तरी संच पाहिले. एक आंधळा, एक बहिरा, एक मुका. एकाला दिसत नाही ते दुसऱ्याने सांगायचं, दुसऱ्याला ऐकू येत नाही ते तिसऱ्याने खुणेने दाखवायचं, आणि या साखळीत कुठेतरी निरोपाचा विचका व्हायचा. ही रचना इतकी पक्की आहे की नव्या मुलांनी साखळी न तोडता एकमेकांकडे लक्ष दिलं की हशा येतोच. उलट ‘हसवाफसवी’मध्ये दिलीप प्रभावळकरांनी सहा भूमिका स्वतःसाठी लिहिल्या होत्या, तिथे पुढे त्या करणाऱ्या पुष्कर श्रोत्रीसमोरचं आव्हान निराळं होतं, कारण ते नाटक एका नटाच्या अंगावर शिवलेलं होतं. या दोन नाटकांना एकच मोजपट्टी लावणं हा अन्याय आहे. पहिल्यात संचाची गुंफण पाहायची. दुसऱ्यात नटाने स्वतःचं काय आणलं ते.

रंगभूमीला आणखी एक सोय आहे, जी चित्रपटाला नाही. नवा संच पहिल्या प्रयोगाला अवघडलेला असतो. हशाच्या जागा माहीत असतात, पण पॉज किती घ्यायचा ते अंगात मुरलेलं नसतं. पंचवीस-तीस प्रयोगांत प्रेक्षक ते शिकवतो. आपले परीक्षण लिहिणारे मात्र शुभारंभाला जातात आणि पुन्हा फिरकत नाहीत. नव्या संचाचं परीक्षण तरी दोनदा व्हावं अशी माझी मनापासूनची मागणी आहे.

चित्रपटात ही मुरवण चित्रीकरणाआधीच व्हायला लागते, वाचनांत आणि तालमींत. ती नसली की काय होतं, ते हॉलिवूडच्या ‘डायरी ऑफ अ विम्पी किड’ मालिकेत दिसलं. जेफ किनीच्या पुस्तकांवरचे पहिले तीन चित्रपट 2010, 2011 आणि 2012 मध्ये आले. प्रत्येकाने जगभरात सात कोटी डॉलरहून जास्त धंदा केला. मुलं मोठी झाली. मग 2017 च्या ‘द लाँग हॉल’मध्ये अख्खं हेफ्ली कुटुंब बदललं: आई, बाप, दोन्ही मोठे मुलगे, सगळेच. धंदा चार कोटींच्या आसपास अडकला. दिग्दर्शक डेव्हिड बॉवर्स मात्र दुसऱ्या-तिसऱ्या भागाचाच. म्हणजे घर ओळखणारा माणूस हाताशी होता, तरी घर उभं राहिलं नाही.

कारण असं दिसतं: रॉड्रिक या थोरल्या भावाचं धाकट्याशी असलेलं वैर आधीच्या भागांत हळूहळू घडलं होतं. छळणारा भाऊ दुसऱ्या भागात थोडा साथीदार झाला होता, आणि स्टीव्ह झान व रेचल हॅरिस यांचे आईबाप त्या दोघांच्या मध्ये सापडलेले होते. नव्या चित्रपटाने नावं तीच ठेवली, इतिहास पुसला, आणि तरी प्रेक्षकाकडून जुन्या जिव्हाळ्याची अपेक्षा केली. प्रेक्षकांचा राग निघाला तो नव्या रॉड्रिकवर. एका तरुण नटाने निर्मात्यांच्या निर्णयाची शिक्षा भोगली. टीका करणाऱ्यांनी तेव्हा थोडं थांबून विचार करायला हवा होता, असं मला आजही वाटतं.

याच्या उलट ‘व्हेकेशन’ मालिका. चेव्ही चेसचा क्लार्क ग्रिसवोल्ड आणि बेव्हर्ली डँजेलोची एलेन 1983 पासून कायम; रस्टी आणि ऑड्री ही मुलं मात्र 1985, 1989 आणि 1997 च्या प्रत्येक भागात नवी. वयं इतकी गोंधळलेली की थोरलं कोण आणि धाकटं कोण याचाही पत्ता लागत नाही. तरी कुणी फारसं कुरकुरलं नाही. त्या घरात मुलांचं काम एकच: बापाच्या हट्टाकडे हताशपणे बघणं. ‘ख्रिसमस व्हेकेशन’मध्ये क्लार्क दिव्यांच्या माळांचा डोक्याएवढा गुंता रस्टीच्या हातात ठेवतो आणि जरा गाठ पडली आहे, सोडव, असं सहज सांगतो. जॉनी गॅलेकी त्या गोळ्याकडे बघतो, बापाकडे बघतो. एवढ्या बघण्यात तो रस्टी होतो. आधीचे दोन रस्टी आठवायची गरज उरत नाही. पुढे ‘वेगास व्हेकेशन’मध्ये तर बाप मुलांना म्हणतोच, की तुम्ही इतकी भराभर मोठी होताय की ओळखू येत नाही. बदलाची कबुली कथेतच दिली, तीही बापाच्या स्वभावाला शोभेल अशी.

आपल्याकडे रोजच्या मालिकांनीही ही कला आत्मसात केली, आणि समीक्षेने त्यांना त्याचं श्रेय कधी दिलं नाही. ‘माझ्या नवऱ्याची बायको’मध्ये 2018 मध्ये रसिका सुनील गेली आणि शनाया म्हणून ईशा केसकर आली. पुढे रसिका परतली. या सगळ्या काळात अभिजीत खांडकेकरचा गुरुनाथ शनायासमोर जसा तारांबळ उडालेला होता तसाच राहिला, आणि अनिता दातेची नागपुरी बोलणारी राधिका तिच्याशी तशाच ठसक्याने भिडत राहिली. दोन बाजूंनी नातं पक्कं असल्यामुळे मधली व्यक्ती बदलली तरी तिची जागा शाबूत राहिली. रोज रात्री अर्धा तास भेटणाऱ्या प्रेक्षकाला एवढं पुरतं. चित्रपटाला दोन-अडीच तासच मिळतात, हे खरं. पण म्हणूनच पहिल्या पंधरा मिनिटांत घरातली जुनी माणसं नव्याशी कशी वागतात, यावर लेखक-दिग्दर्शकाने जिवापाड मेहनत घ्यायला हवी.

नट न बदलताही पुढचा भाग करता येतो. प्रशांत दामले आणि कविता लाड-मेढेकर यांनी ‘एका लग्नाची गोष्ट’नंतर सुमारे दोन दशकांनी, 2018 मध्ये, अद्वैत दादरकर यांचं ‘एका लग्नाची पुढची गोष्ट’ केलं, आणि त्या जोडप्याचं वाढलेलं वयच त्या नाटकाचा विषय झालं. ते फार सुंदर आहे. पण तो मार्ग प्रत्येकाला मोकळा नसतो. नट वारतात, मोठे होतात, दुसरीकडे गुंततात.

आणि जुना नट परत आणला म्हणून प्रश्न सुटतोच असं नाही. 2022 च्या ‘टाइमपास 3’मध्ये प्रथमेश परब दगडू म्हणून परतला. पहिल्या आणि दुसऱ्या भागाच्या मधल्या काळात घडणारी ही गोष्ट. समोर पालवी म्हणून हृता दुर्गुळे, तिचा बाप संजय नार्वेकर. परीक्षणांत आणि गप्पांत परबचं परत येणं हीच मोठी बातमी ठरली. माझ्या मते या भागातली खरी नवी गोष्ट पालवीचं घर ही होती: एक दांडगट बाप आणि त्याला भीक न घालणारी मुलगी. नार्वेकर आणि दुर्गुळे यांच्यात एकमेकांचं बोलणं झेलण्याची जी तयारी आहे, ती परबच्या परतण्याइतकीच लिहिण्याजोगी होती, आणि तिच्याबद्दल चार ओळी तरी यायला हव्या होत्या.