व्युत्पत्ती आणि व्यवहार : श्रीपाद अमृत डांगे यांच्या शब्दविचाराची चिकित्सा

चिंचपोकळी ह्या स्थलनामाची फोड कोणालाही सहज करता येते. ‘चिंच’ आणि ‘पोकळी’ हे दोन्ही शब्द मराठीत जिवंत आहेत. चिंचेची झाडे असलेला सखल भाग, असा त्यांच्या जोडणीचा अर्थ सामान्यतः सांगितला जातो. परंतु ह्या अर्थावरून तेथे कापडगिरण्या का उभ्या राहिल्या, कोकणातून आणि घाटावरून आलेली माणसे चाळींत कशी राहिली, त्यांनी कोणाला आपला पुढारी मानले, ह्यांपैकी काहीही कळत नाही. नावाचा उगम आणि नाव धारण करणाऱ्या वस्तीचा इतिहास ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या नेत्याचे राजकीय जीवन ह्याच चिंचपोकळी-लालबाग-परळच्या टापूत घडले, त्या डांगे यांच्या सर्वांत महत्त्वाकांक्षी ग्रंथात मात्र हा भेद पुसला गेला आहे. तो का पुसला गेला आणि त्यामुळे काय हरवले, हे पाहणे अगत्याचे आहे.

डांगे यांचा जन्म १८९९ साली नाशिक जिल्ह्यात झाला. मुंबईत आल्यावर १९२१ मध्ये त्यांनी गांधी आणि लेनिन यांची तुलना करणारी इंग्रजी पुस्तिका प्रसिद्ध केली आणि १९२२ मध्ये ‘सोशलिस्ट’ हे साप्ताहिक काढले. कानपूर कटाच्या खटल्यात १९२४ मध्ये त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली. सुटून आल्यावर ते गिरणी कामगारांत काम करू लागले. १९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चाललेल्या सार्वत्रिक संपात सुमारे दीड लाख कामगार उतरले होते. त्याच वर्षी स्थापन झालेल्या गिरणी कामगार युनियनचे डांगे हे सरचिटणीस होते. मार्च १९२९ मध्ये मीरत कटाच्या खटल्यासाठी त्यांना पुन्हा अटक झाली.

ह्या संपाचा भाषिक अंग म्हणून विचार फारसा झालेला नाही. मालकांच्या व सरकारच्या कागदांत वादविषयाला ‘रॅशनलायझेशन’ असे भारदस्त नाव होते. विणाई खात्यातील साचेवाल्याच्या दृष्टीने त्याचा अर्थ एवढाच, की दोन साचे चालवणाऱ्याने ह्यापुढे तीन चालवावेत आणि तिसऱ्या माणसाने घरी बसावे. साचा, खाते, पाळी, बदली, खाडा, जॉबर, भोंगा ह्या शब्दांनी कामगाराचा दिवस बांधलेला होता. वरकड मूल्याचा सिद्धान्त ह्या शब्दांपर्यंत आणून पोचवल्याखेरीज गिरणीच्या दारावरील सभेत त्याला कोणी विचारले नसते. डांगे आणि त्यांचे सहकारी यांनी सभांतून व ‘क्रांति’ साप्ताहिकातून हेच कार्य केले. त्याची दखल सरकारनेही घेतली. ही भाषणे व लेख इंग्रजीत भाषांतरित होऊन मीरतच्या न्यायालयात पुरावा म्हणून दाखल झाले.

पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात हीच हातोटी वेगळ्या क्षेत्रात दिसली. मराठी भाषकांचे राज्य ही सुशिक्षितांची मागणी आणि गिरणगावातील कामगारांचा असंतोष ह्या दोन प्रवाहांचा संगम घडविणाऱ्यांत डांगे अग्रभागी होते. १९५७ मध्ये ते मध्य मुंबईतून लोकसभेवर निवडून आले. ह्या सर्व काळात शब्दाचे मोल त्याच्या चालू व्यवहारात असते, हे त्यांनी कृतीने मान्य केले होते.

ग्रंथकार डांगे यांची भूमिका ह्याच्या नेमकी उलट आहे. १९४२-४३ च्या सुमारास येरवड्याच्या तुरुंगात सिद्ध झालेला आणि १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्राचीन भारताच्या आदिम साम्यवादापासून दास्यापर्यंतच्या प्रवासाची मांडणी करतो. यज्ञ ही आदिम समूहाची सामुदायिक उत्पादनपद्धती आणि ‘ब्रह्मन्’ म्हणजे तो समूहच, हा त्यातील मध्यवर्ती सिद्धान्त आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांच्या व्युत्पत्तिपद्धतीच्या आधारे ‘यज्ञ’ शब्दाची अशी फोड केली आहे, की एकत्र जमून निर्मिती करणे हा आशय त्या शब्दातच निघावा.

ही फोड टिकत नाही. पाणिनीने (३.३.९०) यज् धातूला नङ् प्रत्यय लावून हा शब्द सिद्ध केला आहे. कोणी म्हणेल, की पाणिनी हा वर्गसमाजाचा वैयाकरण. त्याची साक्ष का मानावी? परंतु अवेस्तेत ‘यस्न’ हा सजातीय शब्द पूजा व आहुती ह्याच अर्थाने आढळतो. म्हणजे भारतीय आणि इराणी शाखा विभक्त होण्यापूर्वीच धातू, प्रत्यय आणि अर्थ ही तिन्ही अंगे निश्चित झाली होती. अक्षरे सुटी करून त्यांतून समाजरचना काढण्यास येथे जागाच उरत नाही.

तथापि डांगे यांचा मूळ प्रश्न चुकीचा होता, असे म्हणणे अन्यायाचे होईल. शब्दांत आर्थिक जीवनाच्या खुणा राहतात, हे खरे आहे. ‘गविष्टि’ म्हणजे गाईंची इच्छा. ऋग्वेदात हाच शब्द लढाईसाठी येतो आणि पशुधनासाठी होणाऱ्या संघर्षाची साक्ष देतो. पण ही साक्ष ग्राह्य ठरते, ती मंत्रांतील प्रत्यक्ष प्रयोगामुळे; केवळ विग्रहामुळे नव्हे. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९४९ मध्येच भांडारकर संस्थेच्या वार्षिकात ह्या ग्रंथाची कठोर समीक्षा केली. ते स्वतः मार्क्सवादी असल्यामुळे ती समीक्षा पक्षीय विरोध म्हणून बाजूस सारता येत नाही. एंगल्सचा आराखडा आधी ठरवून पुरावा त्यात बसविणे त्यांना मान्य नव्हते.

डांगे यांच्या हाताशी याहून चांगले उदाहरण होते, ते म्हणजे ‘संप’ हा शब्द. गुजरातीत त्याचा अर्थ ऐक्य, सलोखा असा आहे. गिरणगावात मात्र त्याचा अर्थ काम बंद करणे असा रूढ झाला. उद्या एखाद्या संशोधकाने केवळ ऐक्यार्थ धरून १९२८ साली मालक-मजुरांत सलोखा होता असे अनुमान काढले, तर पहिले हसू डांगे यांनाच आले असते. जी कसोटी ते स्वतःच्या काळाला लावीत होते, ती त्यांनी वेदकाळाला लावली नाही.

१९८१ मध्ये डांगे यांना पक्षातून काढण्यात आले आणि १९९१ मध्ये त्यांचे निधन झाले. १९८२ च्या संपानंतर गिरण्याही एकेक करून बंद पडल्या. गिरणीच्या दारावरची त्यांची मराठी आज पुष्कळशी न्यायालयीन इंग्रजी भाषांतरांतूनच वाचावी लागते. उलट व्युत्पत्तींचा ग्रंथ ग्रंथालयांत सुखरूप आहे. साचा, खाडा, बदली हे शब्द ज्यांनी कामावर वापरले, ती माणसे चिंचपोकळी-परळच्या चाळींत अजून भेटतात. त्यांच्या तोंडून ही बोली वेळीच टिपून घेणे, हे भाषाभ्यासकांपुढील तातडीचे काम आहे. डांगे यांच्या कर्तृत्वाचे न्याय्य मूल्यमापनही त्या सामग्रीवाचून पुरे होणार नाही.