तोडी रागिणी विरहिणी आहे काय?

रागमालेंतील तोडी रागिणीचें चित्र संग्राहकांच्या नित्य परिचयाचें आहे. वनाच्या कडेस एकटी उभी असलेली तरुणी, खांद्यावर दोन भोपळ्यांची वीणा आणि स्वर ऐकून जवळ आलेलीं हरिणें, एवढाच त्याचा विषय. अलीकडे ही स्त्री बहुधा विरहिणी ठरविली जाते; हरिण म्हणजे दूर गेलेला प्रियकर, असा अर्थ लावून लेखक मोकळे होतात. आम्हांस हा अर्थ सरसकट मान्य नाहीं.

सतराव्या शतकांतील दामोदराच्या संगीतदर्पणांत तोडीचें ध्यान दिलेलें आहे. अंगकांति हिम व कुंदपुष्प यांसारखी, अंगास केशर-कापुराची उटी, हातीं वीणा. आणि वनाच्या कडेस ती हरिणास रमवीत आहे. अश्रु नाहींत, कृशता नाहीं, वाट पाहणें नाहीं. उलट त्याच ग्रंथांत धनाश्री विरहानें व्याकुळ होऊन प्रियकराचें चित्र रेखाटते, आणि वियोगिनी पटमंजरीस तिची सखी धीर देते. विरह जेथें अभिप्रेत आहे तेथें ग्रंथकार तो उघड सांगतो. स्त्री एकटी दिसली कीं ती विरहिणीच, हा न्याय त्याचा नव्हे.

प्रतिपक्षाची एक बाजू मात्र सांगितली पाहिजे. श्लोकांत हरिण एकवचनीं आहे. एखाद्या चित्रांत एकच काळवीट मान उंचावून तिच्याकडे पाहत असेल, तर त्याच्या ठिकाणीं प्रियकर कल्पिण्यास आम्ही हरकत घेणार नाहीं. पण कळपच रंगविला असतां ही उपपत्ति कशी टिकावी? गानानें मृग वश होतो हा आपल्या काव्यांतील जुना संकेत आहे. तोच तेथें पुरेसा आहे. चित्रकार श्लोकाचा बांधलेला नसतो हें खरें. एखाद्यानें तोडीसही विरहिणी केलें असेल. परंतु तें तिच्या मुद्रेवरून, वेषावरून दाखविलें पाहिजे, केवळ एकटेपणावरून नव्हे.

चित्रांवरील श्लोक दर्पणांतलेच असतात असेंही नाहीं. १५९० च्या सुमारास उत्तर दक्खनेंत झालेल्या रागमालाचित्रांच्या माथ्यावर संस्कृत श्लोक आहेत, आणि ते दर्पणाच्या आधींचे. म्हणून ज्या चित्राचा भाव ठरवावयाचा त्यावरचाच श्लोक प्रथम वाचावा. तो राहूं दिला असेल तर! मध्यंतरीं एका संग्रहांत तोडीचें एक पान आमच्या पाहण्यांत आलें. चौकटींत बसावें म्हणून वरची पट्टी कातरलेली. शेवटच्या ओळींतील अक्षरांचे पाय तेवढे उरलेले. मागील बाजूस मालकांनीं ‘विरहिणी’ अशी चिठ्ठी चिकटविली आहे.