खेळ हलका की मोबाईल?

गेल्या दिवाळीत आमच्या नांदेडच्या घरी चकलीपेक्षा वादच अधिक खुसखुशीत झाला. एका बाजूला माझा पुतण्या, दुसऱ्या बाजूला लातूरला शिकवणीसाठी राहणारा भाचा. वादविषय: 'पबजी' श्रेष्ठ की 'फ्री फायर'?

दोन्ही मोबाईलवरील लढाईचे खेळ. बेटावर उतरायचे, शस्त्रे हुडकायची आणि आकसत जाणाऱ्या वर्तुळात शेवटपर्यंत जिवंत राहायचे. पबजीवर सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने बंदी घातली. पुढच्या वर्षी तो भारतीय नाव घेऊन आला, पण मुले त्याला पबजीच म्हणतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायरवर बंदी आली; त्याची 'मॅक्स' आवृत्ती मात्र राहिली. बंदीचे कारण देशाच्या सुरक्षिततेचे होते, परंतु दोन्ही पक्षांनी तो प्रतिपक्षाच्या अभिरुचीविरुद्ध लागलेला निकाल मानला!

भाचा म्हणाला, "मामा, पबजीत शंभर जण. मोठे बेट आठ किलोमीटर लांब आणि तेवढेच रुंद. कितीतरी वेळ कोणी दिसत नाही, नुसती चाहूल लागते. खरी भीती तिथेच आहे."

शांततेतून भय कसे उपजते हे ज्याला उमगले, त्याला समीक्षक म्हणायला माझी हरकत नाही.

पुतण्याही कमी नव्हता. "काका, आमच्यात पन्नासच जण, दहा-बारा मिनिटांत निकाल. उघड्यावर सापडलो तरी क्षणात बर्फाची भिंत उभी करता येते. आडोसा शोधत बसायचे नाही, आपणच उभारायचा."

इथवर वाद कलेचा होता. मग भाचा हसून म्हणाला, "अरे, तो तर गरिबांचा पबजी! तुझ्या मोबाईलवर दुसरे चालणार तरी काय?"

पुतण्या गप्प झाला. वडिलांचा जुना, काच तडकलेला मोबाईल त्याने हळूच खिशात घातला.

वाचकहो, हे वाक्य या वादात सर्वत्र ऐकू येते, आणि माझी तक्रार त्याच्याविषयीच आहे. बालगंधर्व थोर की केशवराव भोसले, यावर आपल्या पणजोबांची पिढी अशीच भांडली. १९२१ साली 'संयुक्त मानापमाना'त दोघे एकत्र उभे राहिले, तेव्हाही रसिकांना तुलनेचा मोह आवरला नसेल. पण तिकिटाचा दर पाहून मताची किंमत ठरवली असती, तर पिटातल्या रसिकाने कुठे जायचे?

एक कबुली देतो. दोन्ही खेळ भिकार आहेत, असे मी ते न खेळताच वर्गात सांगून टाकले होते. न वाचता पुस्तक मोडीत काढणाऱ्यांवर मी, पदवी नसलेला कादंबरीकार, आजवर चिडत आलो. आणि पाप तेच केले. म्हणून त्या रात्री दोन्ही खेळलो. दोन्हींत लवकरच मेलो, पण मरणांतला फरक कळला. पबजी हे पाच अंकी नाटक आहे. फ्री फायर ही एकांकिका. साध्या मोबाईलवर चालावी अशा बेताने तिची रचना आहे, आणि वडिलांचा मोबाईल अर्ध्या तासात परत द्यायचा असलेल्या मुलाला ती पुरी पडते. थोड्या सामानात संसार मांडणे हेही कसबच. दोष दोघांतही आहेत. मारामारीखेरीज विषय नाही. पोषाख आणि बंदुकांचे रंग विकून मुलांच्या खिशात हात घालण्यात दोघेही तरबेज. त्यावर अवश्य भांडावे. पण मोबाईलची किंमत हा खेळाचा दोष नव्हे, आणि खेळणाऱ्याचा तर नव्हेच.

हे मी भाच्याला समजावले. तो काही बोलला नाही. भाऊबीजेच्या सकाळी पाहतो, तर दोघे ओट्यावर खेटून बसलेले. भाच्याच्या नव्या मोबाईलवर फ्री फायर चालू होता आणि लातूरचे पंडित दुसऱ्याच मिनिटाला धारातीर्थी पडले होते.

"ती भिंत कशी उभारतोस रे?" त्याने विचारले.

पुतण्याने मोबाईल हातात घेतला आणि दाखवू लागला.